एनएफएस क्लायंट जुनीच फाइल उघडतो तेव्हा: दोष पकडण्यापासून पॅच पाठवण्यापर्यंत

दोन मशीनवर एकच एनएफएस शेअर (नेटवर्कवरून वापरायची सर्व्हरवरची डिरेक्टरी) माउंट केलेला आहे. एकावर नवी फाइल लिहून ती ‘एमव्ही’ने जुन्या नावावर चढवली. दुसऱ्यावर तेच नाव ‘कॅट’ने उघडलं, तर मजकूर जुनाच येतो, किंवा ‘स्टेल फाइल हँडल’ असा शेरा येतो (हँडल म्हणजे सर्व्हरने फाइलला दिलेली ओळखखूण; लिनक्सवर ही त्रुटी क्रमांक ११६). पाच मिनिटं थांबून पुन्हा बघितलं तरी तेच. मग कुणीतरी सहज ‘एलएस -एल’ मारतं आणि सगळं सुरळीत होतं.

नवी फाइल जुन्या नावावर चढवण्याची ही पद्धत मुळीच दुर्मीळ नाही. गिट स्वतः ‘पॅक्ड-रेफ्स’ (शाखांची नोंद ठेवणारी फाइल) अशीच बदलतं: आधी ‘पॅक्ड-रेफ्स.न्यू’ लिहायची, मग तिचं नाव बदलून जुनीवर चढवायची. त्यामुळे एनएफएसवर ठेवलेल्या गिट भांडाराला हा आजार झाला की एक मशीन नव्या शाखा दाखवतं आणि दुसरं जुन्यांवरच अडून बसतं.

अशा वेळी हात आधी सर्व्हर रीस्टार्ट करायला जातो. सर्व्हर बहुधा निर्दोष असतो. क्लायंटने एखादी गोष्ट आधी विचारून लक्षात ठेवलेली असते, आणि ती पुन्हा विचारायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलीच नाही, एवढंच घडलेलं असतं. म्हणून क्लायंटमधला दोष शोधताना पॅकेट कॅप्चरमध्ये (नेटवर्कवरून गेलेल्या संदेशांच्या नोंदीत) काय दिसतं याच्या आधी काय दिसायला हवं होतं आणि दिसत नाही, ते बघायचं. खालची सगळी पद्धत याच एका गोष्टीभोवती फिरते.

उदाहरणासाठी लिनक्स कर्नेल ४.१९ घेतलं आहे. या लक्षणावरची एक महत्त्वाची दुरुस्ती (पॅच) लिनक्सच्या एनएफएस क्लायंटची देखभाल करणारे ट्रॉन्ड मिक्लबुस्त यांनी केली आणि ती ४.२० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये आली. दुरुस्तीचा गाभा मोजक्या ओळींचा आहे, पण तिथवर पोचायला जवळजवळ सगळी हत्यारं वापरावी लागतात, म्हणून शिकायला ती उत्तम. आज्ञा, पर्याय आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन लिपीतच टाइप करायची.

मुळात हा दोष आहे का?

एनएफएसमध्ये थोडा शिळेपणा नियमाने चालतो. फाइलची माहिती (आकार, वेळ, मालक) क्लायंट कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६० सेकंद कॅशमधून देतो. डिरेक्टरीची ३० ते ६० सेकंद. माउंटच्या पर्यायांत यांनाच ‘एसीरेगमिन’, ‘एसीरेगमॅक्स’, ‘एसीडिरमिन’ आणि ‘एसीडिरमॅक्स’ म्हणतात.

एनएफएस ‘क्लोज-टू-ओपन’ हमी देतं: एका क्लायंटने फाइल बंद केल्यावर दुसऱ्याने ती उघडली, तर त्याला ताजा मजकूर मिळालाच पाहिजे. पण ही हमी फाइलच्या आतल्या मजकुराची आहे. ‘हे नाव नक्की कोणत्या फाइलचं’ हे नातं क्लायंट डिरेक्टरीच्या कॅशच्या भरवशावर ठेवतो. त्यामुळे नाव बदलल्यावर ६० सेकंदांपर्यंत जुनी फाइल उघडली तर तक्रार करण्यात अर्थ नाही. ६० सेकंद उलटून गेल्यावरही उघडली, तर मात्र तो दोष.

तक्रार नोंदवण्याआधी ‘/प्रॉक/माउंट्स’ (प्रत्यक्ष लागू असलेले माउंटचे पर्याय) वाचा. ‘एफएसटॅब’मध्ये काय लिहिलंय ते पुरेसं नाही. कुणीतरी कधीकाळी वेग वाढवायला ‘एसीटाइमिओ’ ६०० करून ठेवलेलं असतं, आणि मग दहा मिनिटांचा शिळेपणा हा बग नसून त्या माणसाची मेहेरबानी असते.

चाचणीची मांडणी

तीन व्हर्च्युअल मशीन लागतात: एक सर्व्हर, आणि क्लायंट ‘अ’ व ‘ब’. चालवायला प्रत्येकी २ जीबी रॅम पुरते. कर्नेल ज्यावर बिल्ड करणार त्याला ४ जीबी रॅम आणि ३० जीबी डिस्क द्या; डीबग माहितीसकट बिल्ड केलं की ऑब्जेक्ट फाइली भरपूर जागा खातात.

सर्व्हरवर कोणतंही चालू वितरण चालेल. शेअरला ‘आरडब्ल्यू, सिंक, नो_सबट्री_चेक’ हे पर्याय द्या आणि ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ चालवा. सुरुवातीला डेलिगेशन बंद ठेवा: ‘सिसकंट्रोल’ने ‘एफएस.लीजेस-इनेबल’ शून्य करून एनएफएस सर्व्हर पुन्हा सुरू करा. डेलिगेशन म्हणजे ‘ही फाइल आता तूच सांभाळ, दर वेळी मला विचारू नकोस’ अशी सर्व्हरने क्लायंटला दिलेली मुभा. ती चालू असेल तर क्लायंट गप्प बसण्याची दोन कारणं एकमेकांत मिसळतात आणि नेमकं कोणतं खरं ते कळत नाही.

क्लायंटसाठी डेबियन १० सोयीचं, कारण त्यातला जीसीसी ८ आहे आणि ४.१९ त्याने विनातक्रार कंपाइल होतं. (पॅकेजं आता डेबियनच्या जुन्या संग्रहातून घ्यावी लागतील.) वितरणाबरोबर आलेलं ४.१९ वापरू नका, त्यात नंतरच्या दुरुस्त्या मिसळलेल्या असतात. गिटमधून ‘व्ही४.१९’ हा टॅग काढून स्वतः बिल्ड करा.

बिल्ड करताना ठेच लागण्याच्या दोन जागा ठरलेल्या आहेत. पहिली: ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ फक्त त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलं ठेवतं. ते चालवण्याआधी एनएफएस शेअर एकदा माउंट करा, नाहीतर नव्या कर्नेलमध्ये एनएफएसच नसेल. दुसरी: डेबियनच्या कॉन्फिगमध्ये ‘सिस्टिम_ट्रस्टेड_कीज’पुढे डेबियनच्या प्रमाणपत्राचा पत्ता असतो आणि ती फाइल तुमच्याकडे नसते. तिथे रिकामं अवतरण ठेवा, नाहीतर बिल्ड बराच वेळ चालून मग पडेल.

‘डीबग_अॅटॉमिक_स्लीप’, ‘प्रूव्ह_लॉकिंग’ आणि ‘केएएसएएन’ हे तीन पर्याय चालू करा. कर्नेल संथ होईल, होऊ द्या. पहिल्याचं काम पुढे दुरुस्तीत पडणार आहे.

क्लायंट ‘ब’ हा ‘अ’चा क्लोन असेल तर दोघांची होस्टनेम वेगळी करायला विसरू नका. एनएफएस ४ मध्ये क्लायंट सर्व्हरला स्वतःची ओळख सांगतो आणि लिनक्स ती मुख्यतः होस्टनेमवरून बनवतो. दोघांचं नाव एकच असेल तर सर्व्हरला वाटतं, एकच क्लायंट सारखा रीबूट होतोय. मग तो एकाची उघडी फाइल-स्थिती दुसऱ्यासाठी फेकून देतो. परिणाम असा गोंधळाचा होतो की माणूस आठवडाभर चुकीच्या कोडमध्ये बग शोधत बसतो. होस्टनेम बदलता येत नसेल तर ‘एनएफएस’ मॉड्यूलच्या ‘एनएफएस४_युनिक_आयडी’ या पॅरामीटरला प्रत्येक मशीनवर वेगळी किंमत द्या.

दोष हमखास घडवा

दोन्ही क्लायंटवर शेअर ‘व्हर्स=४.०, सेक=सिस’ देऊन माउंट करा. ‘अ’वरची सगळी कामं एकाच साध्या युजरने करा, कारण क्लायंट उघड्या फाइलींची नोंद युजरनिहाय ठेवतो.

१. ‘ब’वर ‘नाव’ या फाइलीत ‘जुना’ आणि ‘नाव.नवी’ या फाइलीत ‘नवा’ असा मजकूर लिहा.

२. ‘अ’वर ‘कॅट नाव’ चालवा. मग ‘स्लीप ६००’ ही आज्ञा ‘नाव’ फाइल इनपुट म्हणून जोडून पार्श्वभूमीला सोडा. स्लीप ती फाइल वाचत नाही, पण दहा मिनिटं उघडी धरून ठेवते.

३. ‘ब’वर ‘एमव्ही -एफ नाव.नवी नाव’.

४. ‘अ’वर ७० सेकंद काहीही न करता थांबा, मग ‘कॅट नाव’.

‘नवा’ आलं तर क्लायंट ठीक. ‘जुना’ किंवा ‘स्टेल फाइल हँडल’ आलं तर दोष सापडला. दोन्हींपैकी काय दिसेल हे सर्व्हरवरच्या फाइल सिस्टिमने नाव सुटलेला जुना आयनोड (फाइलची मूळ नोंद) अजून जिवंत ठेवलाय का, यावर अवलंबून आहे, मूळ एकच.

चौथ्या पायरीत ‘काहीही न करता’ हे अक्षरशः घ्या. त्या डिरेक्टरीत ‘एलएस -एल’ नको, ‘स्टॅट’ नको, आणि शेलमध्ये नाव अर्धं टाइप करून टॅबही दाबू नका. टॅब दाबला की बॅश डिरेक्टरी वाचतं आणि नावांवर स्टॅट करतं. स्टॅटची वाट कोडमध्ये वेगळी आहे आणि तिथे नावाची पूर्ण तपासणी होते. त्या तपासणीत जुनी नोंद पुसली जाते आणि तुमचा बग डोळ्यांदेखत बरा होतो. ‘कधी होतं, कधी होत नाही’ अशा तक्रारींपैकी बऱ्याच या टॅबच्या असतात. म्हणून पायऱ्या स्क्रिप्टमध्ये घाला, आणि स्क्रिप्टने शेवटी निकाल बरोबर असेल तर ०, चुकीचा असेल तर १ हा एक्झिट कोड द्यावा. पुढे तो लागेल.

हाच प्रयोग ४.१ आणि ४.२ वर, तसंच डेलिगेशन चालू ठेवूनही करा. निकाल वेगवेगळे येतील आणि तो फरकच दिशा दाखवतो. ४.१ पासून क्लायंट फाइल हँडलवरून थेट ‘ओपन’ करू शकतो, ४.० मध्ये ‘ओपन’साठी डिरेक्टरी आणि नाव द्यावं लागतं. एका आवृत्तीवर दोष दिसतो आणि दुसरीवर नाही म्हटल्यावर, कॅशची सामायिक यंत्रणा बाजूला ठेवून आवृत्तीनुसार फाटे फुटतात तिथे बघायचं.

पुरावा: न गेलेली विनंती

‘अ’वर ‘टीसीपीडम्प’ला ‘-एस ०’, फाइलीत लिहिण्यासाठी ‘-डब्ल्यू’ आणि ‘पोर्ट २०४९’ देऊन चौथ्या पायरीच्या आधी सुरू करा. कर्बेरॉस एन्क्रिप्शन (‘केआरबी५पी’) वापरत असाल तर कॅप्चरमध्ये काही वाचता येणार नाही; म्हणून वर ‘सेक=सिस’ म्हटलं.

निरोगी क्लायंटमध्ये ‘कॅट’च्या क्षणी डिरेक्टरीच्या हँडलवर ‘गेटअॅटर’ (ताजी माहिती मागणारी विनंती) जायला हवं, कारण ७० सेकंदांत डिरेक्टरीचा कॅश नक्की शिळा झालेला आहे. सर्व्हर बदललेला ‘चेंज’ आकडा परत देईल, मग ‘लुकअप’ (नावावरून हँडल विचारणारी विनंती) जाईल, नवं हँडल येईल, मग ‘ओपन’ होईल आणि नव्या हँडलवर ‘रीड’. ऑपरेशन क्रमांकांवरून गाळायचं असेल तर गेटअॅटर ९, लुकअप १५, ओपन १८, रीड २५.

आजारी क्लायंटमध्ये डिरेक्टरीच्या हँडलवर काहीच जात नाही. फार तर जुन्या फाइलच्या हँडलवर एखादं ‘गेटअॅटर’ दिसतं. त्याचं उत्तर ठीक आलं तर मजकूर क्लायंटच्या स्वतःच्या मेमरीतून छापला जातो. उत्तरात त्रुटी ७० म्हणजे ‘स्टेल’ आली तर युजरला ११६ मिळतो. मध्येच ‘रिन्यू’ दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. लिनक्स सर्व्हरची लीज (क्लायंटची स्थिती सांभाळण्याची मुदत) मुळात ९० सेकंदांची असते आणि क्लायंट तिच्या दोन तृतीयांश वेळाने, म्हणजे ६० सेकंदांनी, ती वाढवून घेतो.

इथवर आल्यावर सर्व्हर निर्दोष ठरतो. त्याला कुणी विचारलंच नाही, तो काय सांगणार?

आता कर्नेलच्या आत. ‘आरपीसीडीबग -एम एनएफएस -एस लुकअपकॅश’ चालू केलं की ‘डीमेसेज’मध्ये (कर्नेलच्या संदेशांच्या नोंदीत) प्रत्येक नावाच्या तपासणीची ‘इज व्हॅलिड’ किंवा ‘इज इनव्हॅलिड’ अशी ओळ येते. आपल्या ‘कॅट’च्या वेळी यातली एकही ओळ येत नाही. तपासणी चुकली असती तर चुकीची ओळ आली असती. ओळच नाही याचा अर्थ कुणीतरी तपासणीला वळसा घालून पुढे गेलंय.

वळसा नक्की कुठे, ते केप्रोबने (चालू कर्नेलच्या फंक्शनवर टेहळणी ठेवण्याच्या सोयीने) बघा. ‘एनएफएस४_लुकअप_रीव्हॅलिडेट’ या फंक्शनवर परतीचा प्रोब लावून परत येणारी किंमत छापा. १ म्हणजे ‘नाव वैध आहे’, ० म्हणजे ‘नाही, पुन्हा शोधा’, -१० म्हणजे ‘इथे झोपता येत नाही, दुसऱ्या वाटेने या’. दोषी कर्नेलवर ७० सेकंदांनंतरही १ येतो. प्रोब या फंक्शनवरच लावण्याला कारण आहे: त्याचा पत्ता डेंट्रीच्या ऑपरेशन टेबलात नोंदलेला असतो, म्हणून कंपाइलर ते गिळून टाकू शकत नाही. आतली छोटी स्टॅटिक फंक्शनं इनलाइन होतात आणि प्रोबला सापडत नाहीत.

कोडमध्ये नेमकं काय चुकलं

फाइल ‘एफएस/एनएफएस/डिर.सी’. डेंट्री म्हणजे कर्नेलने लक्षात ठेवलेली ‘हे नाव, ही फाइल’ अशी जोडी. एनएफएस प्रत्येक डेंट्रीच्या ‘डी_टाइम’ या जागेत, ते नाव शेवटचं तपासलं तेव्हाचा डिरेक्टरीचा पडताळा-आकडा ठेवतं. ‘एनएफएस_चेक_व्हेरिफायर’ हे फंक्शन तो आकडा डिरेक्टरीच्या सध्याच्या आकड्याशी ताडतं. डिरेक्टरीची माहितीच शिळी असेल तर आधी सर्व्हरकडून ताजी करून घेतं.

४.१९ च्या ‘एनएफएस४_लुकअप_रीव्हॅलिडेट’मध्ये फाइल उघडण्यासाठी एक जवळची वाट आहे. साधी फाइल असेल आणि नाव उघडण्यासाठी शोधलं जात असेल, तर फंक्शन डिरेक्टरीकडे न बघता १ देतं. त्यामागचा विचार तसा बरोबर वाटतो: पुढे ‘ओपन’ होणारच आहे, सर्व्हर त्यात काय ते सांगेल, मग इथे एक फेरी कशाला?

फेरी वाचवण्याचा हा हिशेब ‘ओपन’ खरोखर सर्व्हरपर्यंत जातं या गृहीतावर उभा आहे. ४.० मध्ये तीच फाइल त्याच युजरने आधी उघडलेली असेल तर क्लायंट आहे त्या स्थितीवर भागवतो, नवं ‘ओपन’ पाठवतच नाही. आपल्या प्रयोगातल्या ‘स्लीप’चं काम नेमकं हेच. पहिली वाट म्हणते पुढचा बघेल, दुसरी म्हणते मागच्याने बघितलंय. दोघीही आपापल्या जागी समजूतदार, आणि दोघींच्या मध्ये तपासणी गळून पडते. (ही दुसरी वाट पुढे वेगळ्या पॅचने बंद झाली, आता अशी उधारीवरची ‘ओपन’ फक्त स्थिती पुन्हा मिळवताना आणि डेलिगेशन परत करताना चालते.)

दुरुस्ती

जवळची वाट काढून टाकायची नाही. ती काढली तर प्रत्येक फाइल उघडताना एक जादा ‘लुकअप’ जाईल, आणि हजारो छोट्या फाइली उघडणाऱ्या बिल्ड सर्व्हरचे लोक पॅच त्याच दिवशी परत पाठवतील. वाट ठेवायची, तिच्या तोंडाशी तपासणी-नाकं बसवायचं.

१ परत देण्याच्या आधी दोन गोष्टी येतात. ‘लुकअप_एक्सक्ल’ किंवा ‘लुकअप_रीव्हॅल’ हा झेंडा असेल तर जवळची वाट बंद, थेट पूर्ण तपासणी. मग ‘एनएफएस_चेक_व्हेरिफायर’ला डिरेक्टरी आणि डेंट्री द्यायची, ते ० म्हणालं तरी पूर्ण तपासणी. ‘लुकअप_रीव्हॅल’चा मान राखणं आवश्यक आहे, कारण ‘स्टेल’ त्रुटी आल्यावर व्हीएफएस (सगळ्या फाइल सिस्टिमांवरचा कर्नेलचा सामायिक थर) याच झेंड्यासह दुसरा प्रयत्न करतं. जवळची वाट तो झेंडा बघत नसेल तर दुसरा प्रयत्न पहिल्यासारखाच वाया जातो.

पूर्ण तपासणीत ‘लुकअप’ पाठवून आलेलं हँडल जुन्या आयनोडच्या हँडलशी ताडायचं. जुळलं तर नवा पडताळा-आकडा डेंट्रीवर लिहून १. नाही जुळलं तर ०, म्हणजे व्हीएफएस ती डेंट्री टाकून नव्याने शोधेल.

ओळी थोड्या आहेत, पण चुका ठरलेल्या ठिकाणी होतात.

हे फंक्शन बऱ्याचदा आरसीयू पद्धतीने, म्हणजे कुलूप किंवा संदर्भ न घेता वाचण्याच्या पद्धतीने, बोलावलं जातं (‘लुकअप_आरसीयू’ हा झेंडा). त्या अवस्थेत झोपता येत नाही, म्हणजे सर्व्हरला विचारता येत नाही. विचारायची गरज पडली की -१० परत द्यायचा. व्हीएफएस मग संदर्भ घेऊन दुसऱ्या पद्धतीने तेच नाव पुन्हा तपासतं. हे विसरलात तर हलक्या भाराखाली सगळं चालेल आणि गर्दीत मशीन अडकेल. ‘डीबग_अॅटॉमिक_स्लीप’ चालू असेल तर पहिल्याच फेरीत ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ अशी तंबी येते.

पालक डिरेक्टरीही दोन पद्धतींत दोन प्रकारे मिळते. आरसीयूमध्ये ‘डी_पेरेंट’ ‘रीड_वन्स’ने वाचायचा आणि काम झाल्यावर तो अजून तोच आहे का ते पुन्हा बघायचं, बदलला असेल तर -१०. एरवी ‘डीगेट_पेरेंट’ने संदर्भ घ्यायचा आणि बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर ‘डीपुट’ करायचा. एखाद्या त्रुटीच्या वाटेवर ‘डीपुट’ राहून गेला तर लगेच काही कळत नाही. कळतं ते अनमाउंट करताना: ‘बग: डेंट्री … स्टिल इन यूज’. म्हणून चाचणीच्या प्रत्येक फेरीनंतर अनमाउंट करून ‘डीमेसेज’ वाचायचाच. मुळात संदर्भ घेणं-सोडणं एका बाहेरच्या फंक्शनमध्ये ठेवावं आणि तपासणी आतल्यात; ४.२० मध्ये दुरुस्तीच्या आधी नेमकी हीच पुनर्रचना केलेली आहे.

तिसरी चूक सूक्ष्म आहे. डेंट्रीवर लिहायचा पडताळा-आकडा ‘लुकअप’ पाठवण्याच्या आधी घेऊन ठेवायचा. उत्तर आल्यावर घेतला, तर मधल्या काळात कुणी डिरेक्टरी बदलली असेल तरी नव्या आकड्याचा शिक्का जुन्या उत्तरावर बसतो, आणि आपण दुरुस्त करायला निघालो तोच दोष बारीक फटीतून परत येतो.

बदल करून पाहायला दर वेळी पूर्ण कर्नेल बिल्ड करण्याची गरज नाही. त्याच बिल्ड डिरेक्टरीत ‘मेक एम=एफएस/एनएफएस मॉड्यूल्स’ पुरतं. ‘डिर.सी’ हा ‘एनएफएस’ मॉड्यूलचा भाग आहे आणि ‘एनएफएसव्ही४’ त्यावर उभं असतं. म्हणून सगळे शेअर अनमाउंट, आधी ‘एनएफएसव्ही४’ काढा, मग ‘एनएफएस’, मग नवी दोन्ही घाला. एकच बदललं आणि दुसरं जुनं राहिलं तर निकालावर विश्वास ठेवू नका.

चाचणी

आधी तुमचीच स्क्रिप्ट: ४.०, ४.१, ४.२, प्रत्येकी डेलिगेशन बंद आणि चालू, फाइल उघडी धरून आणि न धरता. एकूण बारा फेऱ्या. दर फेरीत ७० सेकंदांची वाट नको असेल तर ‘एसीडिरमिन’ आणि ‘एसीडिरमॅक्स’ ३ करून माउंट करा, पण शेवटची फेरी मूळ किमतींवरच घ्या.

मग खर्च मोजा. एकाच डिरेक्टरीतली फाइल ३० सेकंदांच्या आत १००० वेळा उघडून बंद करा. आधी आणि नंतर ‘/प्रॉक/सेल्फ/माउंटस्टॅट्स’मधले ‘लुकअप’ आणि ‘गेटअॅटर’चे आकडे टिपा. पॅचमुळे हे आकडे मूठभर वाढले तर ठीक, हजाराने वाढले तर नाकं चुकीच्या जागी बसलंय. या फाइलीत मोजणी आरपीसीनुसार, म्हणजे सर्व्हरला गेलेल्या अख्ख्या विनंतीनुसार, होते. ‘ओपन’च्या कंपाउंडमध्ये (अनेक ऑपरेशनं एकत्र नेणाऱ्या विनंतीत) आत जाणारं ‘गेटअॅटर’ वेगळं मोजलं जात नाही, त्यामुळे आकडे वाचायला सोपे असतात.

त्यानंतर दोन तयार चाचणी-संच: ‘एक्सएफएसटेस्ट्स’चा ‘क्विक’ गट ‘-एनएफएस’ देऊन, आणि ‘सीथॉन०४’चे बेसिक, जनरल, स्पेशल व लॉक हे चारही भाग. एनएफएसवर काही चाचण्या पॅचशिवायही पडतात. म्हणून आधी पॅच न लावता पूर्ण फेरी घेऊन पडलेल्यांची यादी ठेवा आणि नंतरची यादी तिच्याशी ताडा.

दोष कोणत्या कमिटने आणला हे शोधायचं तर ‘गिट बायसेक्ट रन’ला (कमिटांची रांग दर वेळी अर्धी करत शोधणाऱ्या आज्ञेला) तुमची स्क्रिप्ट द्या. एक्झिट कोड ० चांगला, १ वाईट, आणि बिल्डच झालं नाही तर १२५ म्हणजे ‘हे सोडून द्या’. दोन लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये चौदा-पंधरा बिल्ड होतात. शोध ‘एफएस/एनएफएस’ आणि ‘नेट/सनआरपीसी’पुरता ठेवला तर बरेच कमी. उलट, दुरुस्ती कुठे आली हे शोधायचं असेल तर ‘चांगला-वाईट’ या शब्दांनी डोकं फिरतं. ‘टर्म-ओल्ड’ला ‘तुटलेलं’ आणि ‘टर्म-न्यू’ला ‘दुरुस्त’ असा अर्थ देणारे शब्द ठरवून घ्या, आणि स्क्रिप्टचे ० व १ उलटवायला विसरू नका.

पॅच पाठवणं

विषयाची ओळ ‘एनएफएसव्ही४:’ने सुरू करा. मजकुरात तीन गोष्टी पुरतात: युजरला काय दिसतं, कोडमध्ये कोणतं गृहीतक मोडतं, पॅच काय करतो. प्रयोगाच्या चार पायऱ्या तशाच लिहा, कारण देखभाल करणारा माणूस त्या चालवूनच पुढे वाचतो. दोष आणणारा कमिट सापडला असेल तर ‘फिक्सेस:’ ओळीत त्याचा बारा अक्षरी हॅश आणि विषय. जुन्या कर्नेलांनाही हवा असेल तर ‘सीसी:’ ओळीत स्टेबलचा पत्ता. शेवटी तुमच्या नावाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’. पुनर्रचना आणि दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये ठेवा. एकत्र केल्या तर तपासणाऱ्याला चार ओळींचा खरा बदल शंभर ओळींत हुडकावा लागतो.

‘चेकपॅच’ चालवा, ‘गेट_मेंटेनर’ने पत्ते काढा, आणि ‘गिट सेंड-ईमेल’ने साध्या मजकुरात पाठवा. वेबवरच्या मेल खिडकीतून चिकटवलेल्या पॅचमधले टॅब मोडतात आणि तो लागत नाही. उत्तर यायला एक-दोन आठवडे लागले तर त्यात काही वावगं नाही. दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते कमिटच्या इतिहासात जात नाही.

कर्नेल बदलता येत नसेल तर

उत्पादनातल्या मशीनवर तोवर काय करायचं? डेलिगेशनची शंका असेल तर सर्व्हरवर ‘लीजेस-इनेबल’ शून्य करणं स्वस्त आणि परत फिरवता येणारं आहे. ‘लुकअपकॅश=नन’ने इथे काम होईलच असं नाही: तो पर्याय ‘एनएफएस_चेक_व्हेरिफायर’मध्ये बघितला जातो, आणि दोषी वाट तिथवर पोचतच नाही. ‘ड्रॉप_कॅशेस’मध्ये २ लिहिल्याने डेंट्री सुटतात, पण उघड्या फाइलीची डेंट्री अडकलेली असते, फाइल धरून बसलेली प्रोसेस ‘एलसॉफ’ने शोधून ती आधी बंद करावी लागते. अनेक ठिकाणी सगळ्यात कमी त्रासाचा उपाय वेगळाच निघतो: ज्या प्रोग्रॅमला ताजी फाइल हवी, त्याला उघडण्याच्या आधी त्याच नावावर एक ‘स्टॅट’ करायला लावायचं. ६० सेकंदांची मुभा तरीही उरते, पण त्यापुढचं अडून बसणं थांबतं.